शिट्टी घेऊन खानदेशात

कोल्हापूरला परतून वर्षं झाली, तरी अजून जो भेटतो तो विचारतो, "काय मास्तर, खानदेशात केळी किती खाल्ली?" केळी खाल्ली. भरीत खाल्लं, शेवभाजी खाल्ली, तिकडची कळण्याची भाकरीही खाल्ली. पण त्या आठ दिवसांत सुखाने घास गिळला असं दोन-तीनदाच झालं, आणि त्यात तिकडच्या पाहुणचाराचा काही दोष नव्हता.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून शिट्टी वाजवतो. आमच्या गावात पेठेपेठेचा संघ असतो, आणि हरलेल्या पेठेच्या शिव्या खाऊन खाऊन माझी कातडी चांगली जाड झालेली आहे. त्या वर्षी देशपातळीवरच्या एका चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्या खानदेशात ठेवल्या होत्या. बाद पद्धतीची स्पर्धा, म्हणजे हरला तो घरी. भुसावळ, जळगाव आणि धुळे अशा तीन गावांतले तीन सामने माझ्या वाट्याला आले. ते नीट पार पाडले तर पुढच्या फेऱ्यांना मुंबईला बोलावतील, असं मला तोंडी सांगण्यात आलं होतं. मी चौतीस वर्षांचा होतो आणि मुंबईचं मैदान मला फार हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

भुसावळ

मनमाड सोडलं तेव्हा उजाडत होतं. खिडकीबाहेर काळी जमीन, वेचणी होत आलेली कपाशी आणि मग एकाएकी केळीच्या बागा. आमच्याकडचा ऊस अंगावर येतो, केळी मात्र अंग चोरून उभी असते. डिसेंबरची थंडी होती. खानदेशात इतकी थंडी पडते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एकच स्वेटर नेला होता आणि तो आठ दिवस अंगावरून उतरला नाही.

भुसावळ सगळं रेल्वेचं गाव. वसाहतीतल्या घरांच्या रांगा एकसारख्या, आणि कुठेही उभं राहिलं तरी इंजिनाची शिट्टी ऐकू येते. सामन्याच्या आधी मी माझी शिट्टी वाजवून पाहिली तर यजमान संघाचा कप्तान हसून म्हणाला, "मास्तर, इथे तुमची शिट्टी कोणी ऐकणार नाही. हातवारे मोठे करा."

हा दामूभाऊ. लोको शेडमध्ये फिटर, मधल्या फळीत खेळणारा, बुटका, छाती पिंपासारखी. त्याने मला आपल्या गोलकीपरची ओळख करून दिली. "हा सुपडू. आमचा अर्धा संघ हाच."

मला नाव विचित्र वाटलं. दामूभाऊने समजावलं: आधीची मुलं जगली नाहीत की तिकडे नव्या बाळाला सुपात ठेवतात, म्हणजे ते पाखडून टाकलेलं समजून दृष्ट लागत नाही, आणि नाव पडतं सुपडू. आमच्याकडे अशा मुलाला धोंडू म्हणतात. सुपडूच्या आधी तिघं गेली होती. हा चौथा, बावीस वर्षांचा, रेल्वेत नुकताच चिकटलेला, लांब हातांचा आणि लाजरा.

सामना रविवारी संध्याकाळी झाला. मैदानाच्या चारी बाजूंना माणसं. भुसावळचा एक गोल झाला होता आणि बारा मिनिटं उरली होती. पाहुण्या संघाचा पुढचा खेळाडू एका उंच चेंडूसाठी झेपावला, सुपडूही झेपावला, आणि त्या खेळाडूचा गुडघा सुपडूच्या कानामागे बसला. आवाज मला ऐकू आला. चेंडू मात्र सुपडूने सोडला नाही. पोटाशी धरून तो पडून राहिला.

मी धावत गेलो. तो उठून बसला. मी विचारलं, "ठीक आहेस?"

"काही नही, मास्तर. चालू करा," तो म्हणाला.

हिवाळ्यातला उजेड झपाट्याने जात होता. खेळ थांबून राहिला असता तर अंधारामुळे सामना पुन्हा घ्यावा लागला असता, आणि माझ्या पहिल्याच सामन्याला गालबोट लागलं असतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं, शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू केला. भुसावळ जिंकलं. लोकांनी सुपडूला खांद्यावर घेतलं. माझ्या खांद्यावरही कोणीतरी थाप मारली आणि म्हणालं, "मस्त खेळवला सामना."

दुसऱ्या दिवशी दुपारी संघाने मला भरिताला नेलं. गावाबाहेर मळ्यात कपाशीच्या वाळक्या काटक्यांचा जाळ करून त्यात हिरवी वांगी भाजतात. मग ती बडजीत, म्हणजे लांबट लाकडी उखळीत, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतात. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला अभिमान आहे, पण त्या हिरव्या मिरचीने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं आणि सगळे हसले. सुपडू तेवढा हसला नाही. दोन घास खाऊन तो बांधापलीकडे गेला आणि ओकला. परत आल्यावर म्हणाला, "मिरची लागली."

मिरचीवर वाढलेला मुलगा तो. मला ते खरं वाटलं नाही. पण मी गप्प बसलो.

जळगाव

जळगावात माझी उतरायची सोय एका मारवाडी शेठजींकडे होती. कापसाचा मोठा व्यापार, दोन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, आणि शेठजींना खेळांचा नाद. घर जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. सामना बुधवारी होता आणि तो संपेपर्यंत सूर्य मावळणार हे उघड होतं. शेठजींनी भर दुपारी तीनला ताट मांडलं आणि आग्रहाने बट्टी वाढली. वर तूप. मी पोटात चार बट्ट्या घेऊन मैदानावर धावलो. पंचाच्या आयुष्यात याहून मोठी शिक्षा नाही.

आता आठवून हसू येतं. तेव्हा माझं लक्ष सारखं गोलकडे जात होतं. सुपडू खांबाला टेकून उभा राहत होता. चेंडू दूर असला की डोळे मिटून घेत होता. पूर्वार्धात एक जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू, शाळेतल्या पोरानेही उचलला असता असा, त्याच्या हाताशेजारून आत गेला.  नंतर त्याने एक फार सुंदर चेंडू अडवलाही, पण तो अंदाजानेच झेपावला असं मला वाटलं. भुसावळने दोन गोल खाल्ले, पण तीन केले आणि तिसऱ्या फेरीत गेलं.

सामना संपल्यावर मी दामूभाऊला बाजूला घेतलं. "सुपडूला डॉक्टरला दाखवलं का?"

त्याचा चेहरा बदलला. "मास्तर, तुम्ही पंच. पंचाने संघाच्या घरात डोकावू नये."

"त्याला लागलं तेव्हा मी तिथे होतो."

"मग तेव्हाच बोलायचं," तो म्हणाला आणि गेला.

त्याने ते सहज म्हटलं होतं. माझी झोप मात्र त्यानेच उडवली. सकाळी शेठजींनी विचारलं, "बिछाना बराबर नव्हता का?" मी म्हणालो, बट्ट्या जरा जास्त झाल्या. ते मनापासून खजील झाले, आणि मला त्यात खोटं बोलल्याचीही लाज वाटली.

एरंडोल, पारोळा

धुळ्याला जायला सोयीची एसटी एकच होती, त्यामुळे मी आणि भुसावळचा संघ एकाच गाडीत. पंचाने खेळाडूंजवळ बसू नये म्हणून मी ड्रायव्हरच्या मागे बसलो. रस्ता उघडावागडा, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि कपाशी, मध्येच बैलगाडीवर इतका कापूस लादलेला की बैल दिसू नयेत. दर गावाला गाडी थांबे आणि कोंबड्या, पाट्या, म्हातारे आत येत. बोली बदलत चालली होती. भुसावळला 'हाये' होतं ते इकडे 'शे' झालं. "जागा शे का?" असं एका आजोबांनी विचारलं तेव्हा मला समजायला एक क्षण लागला.

एरंडोलच्या स्टँडवर मी खाली उतरून पेरू घेतले. खेळाडूही पाय मोकळे करत होते. सुपडू चार हातांवर उभा होता. मी हाक मारली, "सुपडू, झेल," आणि एक पेरू त्याच्याकडे हळूच टाकला.

त्याचा हात वर आला आणि पेरूच्या वीतभर डावीकडे मिटला. पेरू त्याच्या छातीला लागून खाली पडला.

 मी जवळ गेलो. "किती पेरू दिसले?"

"मास्तर, कोणाला सांगू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "धुळ्याला माय येणार शे. साक्रीहून. तिने मला कधी खेळताना पाहिलं नही. हा एक सामना होऊ द्या, मग जातो मी डॉक्टरकडे."

"किती दिसले?"

"दोन."

गाडीने हॉर्न दिला. आम्ही चढलो. पारोळ्याचा किल्ला रस्त्यावरून दिसतो म्हणतात. मी तो पाहिला नाही.

धुळे

धुळं मला आवडलं असतं. सरळ आखलेले रस्ते, पांझरेवरचा पूल, आणि बाजारात खानावळीच्या दारात रटरटणारी शेवभाजी. जाड तिखट शेव रश्श्यात बुडालेली, वर तर्री, कोल्हापूरच्या माणसाला घरची आठवण यावी अशी. मी तिच्यासमोर बसलो आणि भाकरी मोडत राहिलो.

शनिवारी मी स्पर्धेच्या स्थानिक कार्यवाहांकडे गेलो. सज्जन गृहस्थ, घाईत होते. ऐकून घेऊन म्हणाले, "संघाने खेळाडूचं नाव दिलंय. खेळाडू म्हणतो मी ठीक आहे. तुमच्याकडे डॉक्टरचा कागद आहे का? नाही. मग तुम्ही कशाच्या आधारावर त्याला बाहेर काढणार? एका पेरूच्या?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तुमचं नाव मुंबईसाठी वर गेलं आहे. उगाच कशाला?"

बाहेर येऊन मी बराच वेळ पुलावर उभा राहिलो. खाली बायका धुणं धूत होत्या. मी स्वतःला पटवून पाहिलं. पोरगा जाणता आहे. त्याला खेळायचं आहे. कप्तानाला तो हवा आहे, कारण दुसऱ्या गोलकीपरला रेल्वेची रजा मिळाली नव्हती. कार्यवाहांना हरकत नाही. मग मीच का? पण ते 'मीच का' पुन्हा पुन्हा भुसावळच्या त्या बारा मिनिटांपाशी येऊन थांबत होतं.

रविवारी मैदानावर संघ उतरले. सुपडूची आई पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी खायचं. सगळे तिला अक्का म्हणत होते. सुपडूने तिच्या पाया पडून गोल गाठला.

मी मधल्या वर्तुळात चेंडू ठेवला, शिट्टी तोंडात धरली आणि परत काढली. दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितलं, "मैदानाच्या डॉक्टरांनी भुसावळच्या गोलकीपरला तपासल्याशिवाय मी खेळ सुरू करणार नाही."

दामूभाऊ माझ्या इतका जवळ आला की त्याचा श्वास लागत होता. "तुम्ही आम्हाला हरवायला आलात का?"

"तपासू दे. डॉक्टर हो म्हणाले तर मी माफी मागेन आणि तो खेळेल."

लोकांना काय चाललंय ते कळेना. आधी टाळ्या, मग ओरडा, मग मातीची ढेकळं. कार्यवाह धावत आले. मी शिट्टी खिशात ठेवून उभा राहिलो. मग हातांची घडी घातली.

डॉक्टर म्हातारे होते, धोतर आणि कोट घातलेले. त्यांनी सुपडूला उन्हाकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांवर हात धरला, काढला. पुन्हा धरला, काढला. मग मला जवळ बोलावलं. "ही डावी बाहुली बघा. उजवीपेक्षा मोठी आहे आणि उजेडात लहान होत नाही." ते उठले आणि दामूभाऊला म्हणाले, "हा खेळणार नाही. याला आजच्या आज मुंबईला न्यायचं. डोक्यात आत रक्त साठत असेल. एखादा चेंडू डोक्याला लागला असता तर..." 

सुपडूने स्वतःच हातमोजे काढले आणि दामूभाऊच्या हातात दिले. दामूभाऊ ते घालून गोलमध्ये उभा राहिला. भुसावळ जिवावर उदार होऊन खेळलं. शेवटच्या पाच मिनिटांत दामूभाऊच्या आखूड हातांवरून एक चेंडू आत गेला आणि त्यांचा चषक तिथे संपला. ती शिट्टी मीच वाजवली.

धुळ्याहून चाळीसगावला पॅसेंजर जाते आणि तिथे मुंबईची गाडी मिळते. स्टेशनावर सुपडू बाकावर आडवा झाला होता, डोक्याखाली दामूभाऊची मांडी. अक्का फलाटाच्या कडेला उभी होती. माझ्याने राहवलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. गुडघा लागला तेव्हा मी खेळ थांबवायला हवा होता, मी घड्याळ पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि मळ्यात तो ओकला तेव्हाही गप्प बसलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माले नका सांगू, भाऊ. त्याले सांगा. तो बरा व्हई गया म्हणजे त्याले सांगा."

पॅसेंजर आली, तिघं चढली आणि गाडी हलली. तिने ते फडकं खिडकीतून माझ्या हातात दिलं. आत मुलासाठी आणलेले मांडे होते, खापरावर भाजलेले, रुमालासारखे पातळ, पुरणाचे. मी ते कोणाला द्यावेत कळेना. शेवटी स्टेशनावरच बसून खाल्ले, एकट्याने, रडत.

पुन्हा भुसावळ

मला मुंबईचं बोलावणं आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, नाही कसं म्हणू. पण जानेवारीभर मी पोस्टमनची वाट पाहिली ती वेगळ्या पत्रासाठी. शाळेत मुलांना डोळा काढायला शिकवताना माझा हात थांबे. महिन्याच्या शेवटी दामूभाऊचं कार्ड आलं. चारच ओळी. ऑपरेशन झालं, पोरगा जगला, डाव्या डोळ्याला थोडं अधू राहील, गोलमध्ये पुन्हा उभं राहता येणार नाही. शेवटची ओळ अशी होती: "सामन्याचा राग अजून गेलेला नाही, पण तुम्ही आलात तर घरीच उतरा."

मे महिन्याच्या सुट्टीत गेलो. खानदेशचं ऊन लोक सांगतात ते खरं आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वसाहतीतल्या सुपडूच्या घराच्या दाराला ओल्या वाळ्याचा पडदा होता. सुपडू खाटेवर बसून कांद्याच्या पाती निवडत होता. केस वाढले होते, पण कानाच्या वर एक वाकडी रेघ दिसत होती. साक्रीहून त्याच्याकडे राहायला आलेल्या अक्काने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. मी काय सांगायला आलोय हे तिला माहीत होतं.

मी सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, हे मुद्दाम ठरवून गेलो होतो.

त्याने आणखी एक पात निवडली. मग म्हणाला, "तुम्ही विचारलं तेव्हा मला तुम्ही दिसतच नव्हते, मास्तर. नुसता आवाज येत होता. तरी म्हटलं, काही नही. ते मीच म्हटलं ना?"

"तू म्हटलंस. पण बघायचं काम माझं होतं."

"हं," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही. मला ते बरं वाटलं. त्याने लगेच माफ केलं असतं तर मी ते कुठे ठेवलं असतं?

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आम्हाला धुळ्याला हरवलं त्या संघाचं पुढे काय झालं? दामूभाऊ सांगत नही."

मला माहीत होतं. पेपरात शोधून शोधून वाचलं होतं. 

"पुढच्याच फेरीत बाद झाले. चार गोलांनी."

"चार?" सुपडूने हातातली पात खाली ठेवली आणि मोजल्यासारखं करत छताकडे पाहिलं. "मी असतो तर तीन झाले असते."

मग तो हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं. आतून अक्काने विचारलं काय झालं म्हणून, आणि त्याने तिला सांगितलं, "काही नही, माय. मास्तरले भूक लागनी."